एकच मंडळ, एकच पेपर. मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या निकालात एवढा फरक का?

वाचकांचे प्रश्न

परीक्षांचे निकाल लागून गेले, प्रवेशांची धावपळही संपत आली, आणि या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी विचारलेला दिसला: एका भागातील मुले परीक्षेत पुढे असतात आणि दुसऱ्या भागातील मागे राहतात, असे का होते? माझी नोकरीची बहुतेक वर्षे शिक्षक-प्रशिक्षणात गेली आणि त्यांतील बरीचशी निमाडात आणि झाबुआ-आलीराजपूरच्या पट्ट्यात गेली. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या आकड्यांचा नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. सगळ्यांना सारखी जागा देता आलेली नाही. एका पत्राला मात्र मुद्दाम सविस्तर उत्तर दिले आहे.

लोकमान्यनगर, इंदूर येथून एक वाचक विचारतात: मध्य प्रदेश मंडळाच्या २०२५ च्या दहावीच्या निकालात नरसिंहपूर जिल्हा पहिला आणि मंडला दुसरा आला. इंदुरात आयआयटी आहे, आयआयएम आहे, होळकर महाविद्यालय तर १८९१ पासून आहे आणि भंवरकुआँ परिसरात कोचिंग वर्गांच्या पाट्यांना जागा उरलेली नाही. मग आपला जिल्हा पहिला का येत नाही? आपली मुले आळशी झाली आहेत का?

आपली मुले आळशी झालेली नाहीत. निकालाचा टक्का वाचण्यापूर्वी परीक्षेला कोण बसले होते, हे पाहावे लागते. इंदुरात ज्या आईवडिलांना परवडते ते आपल्या मुलांना केंद्रीय मंडळाच्या शाळांत घालतात. या पत्राचे लेखक स्वतःच्या नातवंडांची शाळा आठवून पाहतील, तर त्यांनाही हेच दिसेल. राज्य मंडळाच्या यादीत मग इंदूरची उरतात ती प्रामुख्याने मजुरांची, फेरीवाल्यांची, खरगोन-झाबुआहून किंवा उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले. त्यांतील कित्येकांनी दहावीपर्यंत दोन-तीन शाळा बदललेल्या असतात. मंडल्यात अशी विभागणी फारच कमी आहे. तेथे शिक्षकाचा, शेतकऱ्याचा आणि मजुराचा मुलगा बहुधा एकाच मंडळाची परीक्षा देतो. म्हणजे वर्तमानपत्रातील त्या तक्त्यात इंदूरच्या एका भागाची तुलना जवळजवळ अख्ख्या मंडल्याशी झालेली असते. यामुळे मंडला आणि नरसिंहपूरच्या शिक्षकांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही, एवढे येथे स्पष्ट लिहून ठेवते.

दुसरी गोष्ट, परीक्षेपर्यंत कोण पोहोचलेच नाही, तेही विचारावे. समजा, एका जिल्ह्यात पहिलीत १०० मुले होती. दहावीला ६० बसली आणि ५४ उत्तीर्ण झाली, तर निकाल ९० टक्के लागला. शेजारच्या जिल्ह्यात १०० पैकी ९० मुले दहावीला बसली आणि ७२ उत्तीर्ण झाली, तर निकाल ८० टक्के लागला. कौतुक पहिल्या जिल्ह्याचे होईल, पण दहावी झालेली मुले दुसऱ्या जिल्ह्यात अठरांनी अधिक आहेत. पहिलीत नाव घातलेल्या मुलांपैकी किती जण दहावी झाले, हा आकडा निकालाच्या दिवशी कोणी छापत नाही. माझ्या हाती असते, तर मी तो सर्वांत वर छापला असता.

सुदामानगर, इंदूर येथील एक आजोबा लिहितात: आमचे मूळ घराणे रत्नागिरीचे. महाराष्ट्र मंडळाच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो. ही कोकणच्या मातीची करामत की रक्तातील बुद्धीची? आमचे धाकटे बंधू ठामपणे रक्ताची म्हणतात आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही.

आजोबा, आपल्या बंधूंचा मान ठेवूनही मला त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. आकडे खरे आहेत. दहावीत कोकण विभागाचा निकाल २०२३ मध्ये ९८.११ टक्के, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. २०२५ मध्ये सगळ्या राज्याचा ९४.१० आणि सर्वांत खाली असलेल्या नागपूर विभागाचा ९०.७८ होता. पण कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. मुंबई किंवा पुणे विभागाच्या मानाने येथील परीक्षार्थींची संख्या अगदी लहान आहे. शाळा लहान, वर्ग लहान, आणि गुरुजींना प्रत्येक मुलाचे घर माहीत. एखादा मुलगा गणितात अडला, तर तो कोणाचा कोण आणि घरी कोणाशी बोलावे, हे शाळेला शोधावे लागत नाही.

त्याहून मोठे कारण मला वेगळेच वाटते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. असे का, ते आपल्याला ठाऊकच आहे. कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीसाठी जात आले. बायका, म्हातारी माणसे आणि मुले मागे गावात राहिली. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीने मुलांची फी भरली आणि त्याच्या पत्रांनी घरात वाचण्या-लिहिण्याची गरज निर्माण केली. कागदाशी नाते नसलेल्या घरालाही आलेले पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे आणि पुढच्या पिढीत ते घरचीच मुलगी वाचू लागे. गरिबी कोकणातही होतीच. पण तेथे बाप परगावी गेला आणि मूल आपल्या शाळेत राहिले. पुढच्या पत्राच्या उत्तरात हीच गोष्ट उलटी झालेली दिसेल, म्हणून ती लक्षात ठेवावी.

बंधूंना आणखी एक गोष्ट सांगावी. उत्तीर्णांचा टक्का ही एकच फूटपट्टी आहे आणि फूटपट्टी बदलली की क्रमही बदलतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी सारा महाराष्ट्र लातूरकडे पाहतो, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आपल्या इंदूरच्या घरांतही ऐकू येतो. पण २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्यातील नऊ विभागांत लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांसह शेवटचा होता. वरच्या थरातील मुले अत्यंत पुढे आणि सर्वांची सरासरी मागे, असे एकाच भागात होऊ शकते. परीक्षा किती कडक होते, त्यावरही टक्का हलतो. उत्तर प्रदेशात १९९२ मध्ये कॉपीविरुद्ध कडक कायदा आला आणि त्या वर्षी हायस्कूल परीक्षेचा निकाल १४.७० टक्क्यांवर आला. एका वर्षात तेथील मुलांची बुद्धी आटली, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या देशातून पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही शिक्षणात चांगली मानली जाणारी दोन राज्ये बसली होती. तिचे निकाल २०११ च्या अखेरीस आले, तेव्हा ७४ सहभागी प्रदेशांत त्यांचे स्थान ७२ वे आणि ७३ वे होते. शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी मुले अनोळखी उतारा वाचून त्यावर विचार करायला सांगितल्यावर अडखळली. रक्त तेच होते, फक्त प्रश्न बदलले होते.

आलीराजपूर जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका असलेली, मूळची इंदूरची एक तरुण वाचक लिहिते: ताई, माझ्या चौथीच्या वर्गात २६ नावे आहेत. त्यांतील नऊ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येतो. घरी सांगितले तर म्हणतात, ‘तिकडची मुले तशीच असतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ मला ते पटत नाही. पण मुले तशी नसतील, तर मग दोष माझा आहे का? रात्री हेच डोक्यात येते. काय करू?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘मुले तशीच’ हे तुम्हाला पटत नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. या कामात मी पाहिलेली सर्वांत मोठी हानी त्याच एका वाक्याने केली आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका ओळीत देता येणार नाही.

आधी तुमचा वर्ग देशाच्या नकाशावर ठेवून पाहा. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. तीत खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना तो वाचता आला; २०२२ मध्ये, करोनाच्या बंद शाळांनंतर, हे प्रमाण ४२.८ वर उतरले होते. म्हणजे चौथी नव्हे, पाचवीतही देशभरातील निम्मी मुले तेथेच अडलेली आहेत. तुमच्या २६ पैकी नऊ हा आकडा दुःखद आहे, पण तो तुमच्याच वर्गाचा नाही.

आता तुमची मुले कोठून चालायला लागली ते पाहू. २०११ च्या जनगणनेत आलीराजपूरची साक्षरता सुमारे ३६ टक्के होती आणि देशातील सर्व जिल्ह्यांत ती सर्वांत कमी होती. त्याच जनगणनेत इंदूर जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या आसपास होती, आणि या दोन जिल्ह्यांत बसने एका दिवसात जाऊन येण्याएवढेच अंतर आहे. तुमच्या वर्गातील मुलांच्या आया तेव्हा नुकत्या वयात आलेल्या किंवा तरुण मुली होत्या. त्यांतील बहुतेकींनी शाळा पाहिली नाही किंवा दोन-चार वर्षांत सोडली. आपण म्हणतो की घरी अभ्यास घेणारे कोणी नाही. खरी गोष्ट त्याहून खोल आहे. अशा घरात छापील अक्षरच नसते. आपल्या घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वी पंचांग, औषधाची बाटली, देवापुढची पोथी आणि आजोबांच्या हातातील वर्तमानपत्र पाहत वाढते, आणि अक्षर म्हणजे बोललेले काहीतरी असते, हे त्याला न शिकवता कळलेले असते. तुमच्या मुलांना ते पहिलीच्या वर्गात पहिल्यांदा कळते, तेही परक्या भाषेत.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढते, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून अधिक लोक नोंदले गेले. एवढ्या मोठ्या समाजाची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि तुमच्या शाळेतले क्रमिक पुस्तक हिंदीत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बडवानी जिल्ह्यातील एका शाळेत मी पहिलीच्या एका मुलीला ‘मंद’ असा शेरा मिळालेला पाहिला. ती वर्गात तोंड उघडत नसे. मधल्या सुट्टीत हीच मुलगी आपल्या धाकट्या भावाला बकऱ्यांची नावे, त्यांची वये आणि कोणती कोणाची पिल्ले, हे भिलालीत, म्हणजे तिच्या घरच्या भिली बोलीत, न थांबता सांगत होती. मला अर्धेच कळले, पण शेरा लिहिणाऱ्याला काहीच कळले नव्हते, एवढे त्या दिवशी उमगले. आपण इंदूरचे मराठी लोक म्हणतो की आमची मुलेही घरी मराठी बोलून शाळेत हिंदीत शिकली, त्यांचे काय बिघडले? ही तुलना बरोबर नाही. आपल्या मुलाच्या कानावर गल्लीत, दुकानात आणि दूरचित्रवाणीवर हिंदी पाळण्यात असल्यापासून पडते. शिवाय मराठीचे आणि हिंदीचे अक्षर एकच आहे. फळियातील, म्हणजे आदिवासी पाड्यातील, झोपडीत वाढलेल्या मुलासाठी शाळेची हिंदी जवळजवळ परदेशी असते.

आणि मग येतो दिवसांचा हिशेब. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरवले आहे. तुमचा हजेरीपट उघडून दिवाळीनंतरची पाने पाहा. कापूस आणि मका निघाला की घरेच्या घरे सुरत, वडोदरा, राजकोट, मोरबीकडे बांधकामावर, वीटभट्ट्यांवर, शेतीवर जातात आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियासाठी, म्हणजे आदिवासींच्या बाजार-जत्रेसाठी, परततात. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. कोकणात बाप गेला आणि मूल शाळेत राहिले, असे मी वर लिहिले. येथे घरच उठते. मूल बापाबरोबर जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि तेथे जवळ शाळा असली तरी ती गुजरातीत असते. बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचेही हेच होत आले आहे. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात आधी साखरशाळा निघाल्या आणि पुढे हंगामी वसतिगृहे, जेथे आईवडील गेले तरी मूल गावात राहून शिकू शकते. दोन जिल्ह्यांच्या निकालातील फरकाचे एकच कारण सांगा असे मला कोणी बजावले, तर मी ‘मूल वर्षात किती दिवस स्वतःच्या शाळेत होते’ हे कारण सांगेन. एखादी बुद्धिमान मुलगी दर वर्षी नोव्हेंबर ते मार्च शाळेत नसेल, तर तिच्यासाठी हातच्याची वजाबाकी दर वर्षी नव्याने सुरू होते.

आता दोषाचा प्रश्न. शाळांच्या बाजूनेही उणिवा आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देशात २०२४-२५ मध्ये एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणली: आदिवासी भागात २५ मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर शासन ९० दिवसांत शाळा देई. ज्या फळियांत कधी फळा पाहिला नव्हता तेथे त्यामुळे शाळा पोहोचली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. पण तुटपुंज्या मानधनावर आणि अपुऱ्या तयारीवर नेमलेल्या गुरुजींवर सगळा भार टाकला गेला आणि तो पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. शिक्षकांच्या गैरहजेरीची २००३ मध्ये देशभर अचानक भेटी देऊन पाहणी झाली होती. सरासरी दर चार शिक्षकांमागे एक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, मध्य प्रदेशात सुमारे १८, झारखंडात सुमारे ४२, आणि केरळात सुमारे २१ टक्के होते. केरळचा आकडा पुन्हा वाचा. तेथील गैरहजेरी आपल्या राज्याहून अधिक होती, आणि तरी केरळची मुले पुढे होती. मी याचा अर्थ असा लावते की केरळात गुरुजी आले नाहीत, तर आई, ताई, शेजारची काकू आणि गावचे वाचनालय ती जागा थोडीफार भरून काढतात. तुमच्या गावात तुम्ही एक दिवस आला नाहीत, तर त्या दिवशी अक्षराशी संबंध असलेले दुसरे कोणीच नसते. म्हणून दोष तुमचा नाही, पण तुमचे असणे इंदूरच्या कोणत्याही शिक्षिकेच्या असण्याहून अधिक मोलाचे आहे.

उपाशी पोटाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील ३५.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, केरळात २३.४ टक्के. पहिल्या दोन-तीन वर्षांत झालेली हानी चौथीत पूर्ण भरून येत नाही. दुपारचे जेवण वेळेवर आणि पोटभर मिळते का, एवढे तुम्ही पाहू शकता आणि ते पाहावेच.

काय करावे, या प्रश्नाला माझे पहिले उत्तर असे की रोज निदान एक तास इयत्ता विसरा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत ‘बालसखी’ नावाने एक प्रयोग झाला. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतील एक तरुण मुलगी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन आणि गणित शिकवी. त्याचे मोजमाप अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केले आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. तुम्हीही मुख्याध्यापकांना सांगून तिसरी, चौथी आणि पाचवीची मुले एकत्र करा आणि कोणाला अक्षर येते, कोणाला शब्द, कोणाला वाक्य, त्याप्रमाणे गट पाडा. चौथीचा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत ज्याला मुळाक्षरेच येत नाहीत, त्याच्या डोक्यावरून सारे वर्ष निघून जाते.

दुसरे, मुलांना भिलालीत गोष्ट सांगू द्या आणि ती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर देवनागरीत लिहा. आपण बोललेले वाचता येते, हा अनुभव त्यांना तुमच्या कोणत्याही पाठाहून अधिक शिकवील, आणि तुमचीही भिलाली सुधारेल. तिसरे, दिवाळीपूर्वी पालकांची बैठक घ्या. आजी-आजोबा मागे राहणार असतील, तर मुलाला त्यांच्याकडे ठेवता येईल का, हे एकेका घरी विचारा. जवळच्या आश्रमशाळेत किंवा छात्रावासात जागा आहे का, हेही पाहून ठेवा. सगळी घरे ऐकणार नाहीत. बडवानीत आमच्या बाईंनी अशी घरे फिरून एका वर्षी सात मुले थांबवली होती आणि मार्चमध्ये त्या सातही मुलांना वाचता येत होते.

वडोदरा येथून एक वाचक विचारतात: आमच्या शहरात शाळेपासून महाराज सयाजीराव गायकवाडांच्या सक्तीच्या शिक्षणाचे गोडवे आम्ही ऐकत आलो. शंभर वर्षांपूर्वीच्या राजाच्या निर्णयाचा आजच्या मुलांच्या गुणांशी काही संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि तो आपल्या समजुतीहून अधिक असतो. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. १९१० पासून गावोगावी वाचनालये उघडली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला. त्रावणकोरात तर राणी गौरी पार्वतीबाईंच्या काळात १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च राज्याने करावा, असे फर्मान निघाले होते, आणि २०११ मध्ये केरळची साक्षरता ९४ टक्के होती. शिक्षण वारशाने मिळते ते आईकडून मुलीला. शाळेत गेलेल्या आजीची नात शाळा सोडत नाही, आणि म्हणून एकदा मिळालेली पन्नास वर्षांची आघाडी पुढच्या तीन पिढ्यांत सहसा मोडत नाही.

आमच्या बाजूला पाहिले तर इंदूर होळकरांचे होते, येथे महाविद्यालय आले, छापखाने आले, रेल्वे आली. झाबुआ आणि आलीराजपूर ही तेव्हा वेगळी, लहान आणि डोंगराळ संस्थाने होती. शाळा काढण्याइतके उत्पन्न तेथे नव्हते आणि तशी इच्छा असल्याचेही फारसे दिसत नाही. आजचा साक्षरतेचा नकाशा त्या जुन्या सीमांवर ठेवून पाहावा, म्हणजे दोन्हींच्या रेषा कित्येक ठिकाणी जुळलेल्या दिसतात. अर्थात वारसा बदलता येतो. त्यासाठी त्या राजांएवढाच पैसा आणि चिकाटी आजच्या शासनालाही घालावी लागते, आणि तीही जेथे नव्हती तेथे अधिक.

टिळकनगर, इंदूर येथून एक आई लिहितात: माझी मुलगी सातवीत आहे. पुण्याला तिची मावशी राहते आणि तिकडचे शिक्षण आपल्याहून चांगले, असे सगळे म्हणतात. आठवीपासून तिला मावशीकडे पाठवावे का?

केवळ पुण्याच्या नावासाठी पाठवू नये, असे मला वाटते. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा शाळाशाळांतील साधनांच्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांशी अधिक निकट संबंध दिसला. पुढे १९८३ मध्ये २९ देशांची तुलना झाली, तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा असतो, असेही आढळले. म्हणजे आलीराजपूरच्या मुलीला चांगली शाळा मिळणे जितके निर्णायक आहे, तितके आपल्या मुलीला शहर बदलणे नाही. आपल्या पत्रावरून घरात पुस्तके आहेत, आई लक्ष घालते, हे कळते. शहराशहरांतील फरकापेक्षा एकाच शाळेतील दोन तुकड्यांतील फरक पुष्कळदा मोठा निघतो. म्हणून पुण्याची चौकशी करण्याआधी सध्याच्या शाळेत जाऊन गणित आणि विज्ञान कोण शिकवते ते पाहावे, मुलीच्या वह्या तपासलेल्या आहेत का ते बघावे, आणि वर्गात प्रश्न विचारला तर काय होते, हे तिलाच विचारावे.

आपल्या पत्रात मावशीचे मत आहे, शेजाऱ्यांचे आहे, मुलीच्या वडिलांचेही आहे. मुलीला जायचे आहे की नाही, हे मात्र त्यात कोठेच आलेले नाही. तेवढे तिला विचारून कळवावे, म्हणजे पुढच्या अंकात नेमके उत्तर देता येईल.